एकट्या लेकराचा जबाब



मागे एका पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एक माऊली आमच्याजवळ येऊन बसली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही लेकरांच्या कोर्टात जाता म्हणं. तिथं पोराला किती दिसाची शिक्षा होती?" तिचा भाचा घरातून निघून गेला होता. तो पुण्याच्या स्टेशनवर सापडला आणि तिकडच्या लोकांनी त्याला कमिटीपुढे उभे केले, एवढाच निरोप घरी आला होता. पोराला तुरुंगात टाकले असे समजून दोन दिवस घरात चूल पेटली नव्हती. असा प्रश्न आम्हाला पुष्कळ घरांतून येतो. म्हणून या पानावर जरा सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, ते कोर्ट नव्हे आणि तिथे कोणत्याही लेकराला शिक्षा होत नाही. २०१५ साली मुलांसाठी जो बाल न्याय कायदा झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्याने दोन वेगळ्या जागा केल्या आहेत. ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. जे मूल हरवले, टाकून दिले गेले, कामाला जुंपले गेले, ज्याला मारहाण होते, किंवा जिचे वय होण्याआधी लग्न लावून देण्याचा घाट घातला आहे, ते मूल बाल कल्याण समितीपुढे येते. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि त्यांत किमान एक महिला असावीच लागते. मूल सापडल्यावर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे आणावे लागते. पोलीसच आणतील असेही नाही. शिक्षक, नर्स, समाजसेवक, कोणीही आणू शकतो. लेकरू स्वतःच्या पायांनी आले तरी चालते.

तिथे आम्ही कोण? आम्ही वकील नाही. दिवसा एका वकिलांच्या कचेरीत कारकुनी करतो आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणून काम पाहतो. मोफत कायदेशीर मदतीचा कायदा १९८७ चा, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या १२ व्या कलमात कोणाला फुकट मदत मिळेल याची यादी आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातीचा माणूस आहे, बाई आहे आणि मूलही आहे. यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आपल्या वस्तीतल्या निम्म्या लोकांना हे अजून माहीत नाही. वकिलाची फी कुठून भरायची, या काळजीने ते आधीच हात टेकतात. विधी स्वयंसेवकांची योजना २००९ साली निघाली. गरीब माणूस आणि कायदा यांच्या मधल्या रस्त्यावर उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा एकटी आलेली लेकरे येतात. त्यांच्याजवळ बसायचे, त्यांचे ऐकायचे, ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवायचे, आणि त्याप्रमाणे पुढचे कागद गोळा करायचे.

ऐकायला हे काम सोपे वाटते. पण एकट्या लेकराजवळ वशिला नसतो, पैसा नसतो, ओळख सांगायला कोणी नसते. त्याच्याजवळ असतो तो फक्त त्याचा जबाब. तो कोण लिहितो आणि कसा लिहितो, यावर पुढची पुष्कळ वर्षे ठरतात.

आमच्याकडे दोन प्रकारची लेकरे येतात. एक बाहेरून आलेली. बीड शहरात आगगाडी आली ती २०२५ साली, पण परळी वैजनाथ हे जुने जंक्शन. तिथून एक रस्ता परभणीकडे, दुसरा लातूर रोडवरून विकाराबादकडे. कोणी घरी मार खाऊन निघतो, कोणी कामाच्या आशेने मोठ्या पोरांबरोबर निघतो आणि गर्दीत सुटतो. एकदा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आला. हिंदी त्याला अर्धवट समजे, बोलता येत नसे. कोणी म्हणे तेलंगणाचा आहे, कोणी म्हणे मुका आहे. मुका म्हणून नोंद होण्याच्या बेतात होती. शेवटी एका बांधकामावर फरशी बसविणाऱ्या बिहारी कारागिराला आम्ही बोलावून आणले. त्याने दोन शब्द बोलताच पोरगा असा काही बोलू लागला की थांबेना! त्याची भाषा मैथिली होती. गावाचे नाव त्याने सांगितले, पण त्या नावाची गावे नकाशावर चार निघाली. मग आम्ही विचारत गेलो. आई बाजाराला कुठे जाते? नदी ओलांडावी लागते का, नावेने की पुलावरून? शाळेच्या भिंतीला रंग कोणता? शाळेत खिचडी कोणत्या वारी मिळते? असे करीत एका गावापर्यंत पोहोचलो. तिकडच्या समितीशी पत्रव्यवहार होऊन पोरगा घरी पोचायला पाच आठवडे लागले. या कामात घाईचा काही उपयोग होत नाही.

दुसऱ्या प्रकारची लेकरे आपलीच. ती बाहेर सापडतात किंवा बाहेरून पळून इकडे येतात. त्यांची गोष्ट सांगायची म्हणजे कोयत्याची गोष्ट सांगावी लागते.

वाचकांना हे नवे नाही. दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई या तालुक्यांतल्या वस्त्या रिकाम्या होतात. कुलपे लागतात. म्हातारी माणसे आणि कुत्री तेवढी मागे राहतात. आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीवर नतमस्तक होऊन येतात आणि आठवड्याच्या आत ट्रॅक्टरमध्ये बसून सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, नाहीतर थेट कर्नाटकात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसेल तर अर्धा कोयता. लेकराचा कोयता कुठेच धरत नाहीत, पण पहाटे मोळ्या गाडीत भरताना आणि वाढे बांधताना लेकराचा हात असतोच.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत परळी स्टेशनवर रात्री एक मुलगा सापडला. बारा वर्षांचा. कायद्याचे ७४ वे कलम सांगते की अशा मुलाचे नाव, गाव, शाळा, फोटो काहीही छापू नये. म्हणून इथे आम्ही यातले काही सांगत नाही. त्याच्या पिशवीत एक सदरा, सातवीचे गणिताचे पुस्तक आणि दोन वह्या होत्या. हातांवर पाचटाचे ओरखडे होते. ते पाहताच आम्ही ओळखले की हे पोर उसाच्या फडातून आले आहे. पण ज्यांनी त्याला आणले त्यांच्या अहवालात 'भटकत असताना मिळून आला' असे वाक्य होते.

आम्ही मुलाला आधी विचारले, "जेवलास का?" मग विचारले, "कुठे निघाला होतास?"

तो म्हणाला, "घरी."

"घर कुठं?"

त्याने गाव सांगितले. तालुका सांगितला. जिल्हा बीड. स्टेशनपासून त्याचे गाव एस.टी.ने दीड-दोन तासांवर. रात्र झाली, गाडी नव्हती, म्हणून बाकावर बसला होता. म्हणजे हे लेकरू आपल्याच जिल्ह्यात उतरले होते आणि तरी परके ठरले होते. कारण गावात त्याच्या घराला कुलूप होते आणि कुलपाची किल्ली आईच्या कमरेला, तिकडे कराडच्या बाजूला, फडात.

'भटकत असताना' हा शब्द बदलावा असे आम्ही समितीपुढे लेखी मांडले. कोणी म्हणेल, एका शब्दाने काय होते? फार होते. भटकणाऱ्या पोराला पकडतात. घरी निघालेल्या पोराला पोचवतात. समितीने आमचे म्हणणे नोंदवून घेतले आणि मुलाचा जबाब त्याच्या बोलीत लिहून घेतला.

त्याने सांगितले की उसाचा फड मसूरच्या पुढे होता. तिथून वाढ्याच्या टेंपोत बसून तो कराडला आला. गाडी पकडून मिरज, आणि मिरजेहून पंढरपूर-लातूरमार्गे परळी. तिकीट मिरजेपर्यंतच काढले होते. मसूर हे नाव ऐकले आणि आमचे लिहिणे क्षणभर थांबले. आपल्यापैकी ज्यांनी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या आहेत, त्यांना हे स्टेशन ठाऊक आहे. १९०१ साल. बाबासाहेबांचे वय तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. आई वारलेली. वडील गोरेगावला नोकरीवर. सुटीत वडिलांकडे जायचे म्हणून साताऱ्याहून घरचीच पोरे नवे कपडे घालून निघाली, बरोबर मोठे माणूस कोणी नाही. मसूरला उतरली तर घ्यायला कोणीच आले नव्हते, कारण पाठवलेले पत्र वडिलांच्या हातात पडलेच नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आला, कोण, कुठले, म्हणून विचारले. जात कळली आणि तो तोंड फिरवून निघून गेला. गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार. डब्यात भाकरी होती, पण रात्रभर पाणी मिळाले नाही.

ही गोष्ट आपण अस्पृश्यतेची म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. पण इतकी वर्षे या कामात घालवल्यावर आम्हाला त्यात आणखी एक दिसते. फलाटावर एकटे उभे राहिलेले लेकरू. त्याच्याजवळ तिकीट आहे, पैसे आहेत, अंगावर चांगले कपडे आहेत, वडिलांचा पत्ता आहे. तरी पहिला मोठा माणूस येऊन त्याला काय विचारतो आणि उत्तर ऐकून काय करतो, त्यावर सगळे अवलंबून. आमच्या भागात आजही अनोळखी पोराला पहिला प्रश्न येतो, "कोणाचा रे तू?" आणि हा प्रश्न बापाचे नाव ऐकून थांबत नाही, हे वाचकांना आम्ही काय सांगावे!

तिसऱ्या दिवशी जीप घेऊन एक माणूस आला. "मी ह्याचा चुलता," म्हणाला. बापाच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि बापाची सही असलेली चिठ्ठी त्याच्याजवळ होती. पोराला ताब्यात द्या, आम्ही आई-बापाकडे पोचवतो. कागद व्यवस्थित होते. पोरगा खाली मान घालून बसला. विचारले तर हो नाही की नाही नाही. आम्ही समितीच्या सदस्य बाईंना विनंती केली की दहा मिनिटे मुलाशी वेगळे बोलू द्या. बाहेर व्हरांड्यात तो म्हणाला, "ते चुलते नाहीत. मुकादमाचे आहेत. बापाच्या अंगावर उचल आहे ना."

उचल किती, हे त्या बारा वर्षांच्या पोराला आकड्यासकट ठाऊक होते. लाखाच्या वर होती. आम्ही बी.कॉम. झालेलो, हिशोब करायची खोड. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. त्या दराने एक लाख फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. एका जोडीने दिवसाला दोन टन धरले तर १३६-१३७ दिवस. मधे एकही खाडा नाही, आजारपण नाही, बाजार नाही, पोटाला खर्च नाही. आणि अलीकडे हंगाम चार महिन्यांच्या आतबाहेरच संपतो. मग उरलेले टन कुठून आणायचे? पुढच्या वर्षाच्या उचलीतून, किंवा लेकराच्या हातातून. पोरगा पळाला म्हणजे मुकादमाच्या हिशोबात एक हात कमी झाला, शिवाय आई-बापही मागोमाग निघतील ही भीती. जीप त्यासाठी आली होती.

समितीने त्या माणसाला मुलगा दिला नाही. स्वतः आई-बाप हजर झाल्याशिवाय द्यायचा नाही असे ठरले. राहुलाला प्रव्रज्या दिली तेव्हा शुद्धोदनाने तथागतांना विनंती केली होती आणि त्यावरून आई-बापाच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयात आला. लेकरू कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न तेव्हाही लहान मानला गेला नव्हता.

पण आई-बाप यायचे कसे? फोनवर बाप म्हणाला, "साहेब, मुकादम सोडत नाही. म्हणतो, आधी उचल ठेवा अन् मग जावा." मग प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या वकील साहेबांनी मुकादमाला फोन केला. कर्जापोटी माणूस अडकवून ठेवणे हा १९७६ सालच्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे, एवढेच शांतपणे सांगितले. मुकादम आधी हसला. मग म्हणाला, मी कुठं बांधून ठेवलंय? मग म्हणाला, उद्या लावून देतो. उद्याचे चार दिवस झाले. नवव्या दिवशी बाप आला. त्या दिवसांचा खाडा त्याच्या नावावर पडला, तो वेगळाच.

बाप रात्रभर प्रवास करून तसाच आला होता. कपड्याला उसाचा चिकटा. आपल्यालाच आता आत टाकतात असे त्याला वाटत होते. "साहेब, पोरगं काम करीत नव्हतं, नुसतं वाढं बांधू लागायचं," हे वाक्य तो ज्याला त्याला हात जोडून सांगत होता. मग मुलाकडे वळला.

"कशाला आलास रं?"

"शाळेत जायचंय."

"अन् बहिणीला कोण सांभाळील?"

मुलाची बहीण दीड वर्षाची. आई तोडायला लागली की तिला हा सांभाळायचा. फडाच्या कडेला, ट्रॅक्टर येता-जाता, साप-किरडापासून. बापाचा प्रश्न खोटा नव्हता. त्याला रागावून काही उपयोग नव्हता.

घरभेट झाली, सामाजिक तपासणी अहवाल झाला. गावात मुलाची आत्या आहे, ती रात्री झोपायला ठेवायला तयार झाली. शाळेत स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालू होते, तिथे दोन वेळचे जेवण. बापाने हमीपत्र लिहून दिले, आत्याने अंगठा दिला, आणि मुलगा सातवीच्या वर्गात परत बसला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाप्रमाणे वर्ग द्यावाच लागतो, मधे शाळा सुटली म्हणून खालच्या वर्गात बसवता येत नाही. हेडमास्तरांनी खळखळ न करता घेतले, त्यांचे आभार. बहिणीचे काय झाले? आईने फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधली. जाता-येता एक नजर टाकायची. त्या झोळीचा उपाय आमच्या फायलीत नाही. लेकरू शाळेत गेले म्हणून आम्हाला लोकांनी शाबासकी दिली, तेव्हा डोळ्यांपुढे ती झोळी येत होती.

मुलींच्या प्रकरणात तर जबाबाचे मोल आणखी वाढते. पंधरा वर्षांची एक मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात बस स्टँडवर सापडली आणि कायद्याप्रमाणे तिला बीडच्या समितीकडे वर्ग केले. तिला न्यायला मामा आला, मामी आली, गावातली वजनदार माणसेही आली. सगळ्यांचे एकच म्हणणे, पोर रुसून गेली होती. मुलगी तासभर बोलली नाही. आम्ही तिथून उठलो आणि महिला सदस्यांनी जागा घेतली, कारण काही गोष्टी पुरुषासमोर निघत नाहीत. शेवटी तिने विचारले, "मी सांगीन ते घरी वाचून दाखवणार का?" नाही दाखवणार, असे कळल्यावर तिने लग्नाची तारीख सांगितली. वयाआधी लग्न होण्याचा धोका असलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेलेच मूल, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तिला परत त्या घरी पाठवले नाही. आपला जिल्हा बालविवाहात राज्यात पुढे आहे, ही लाज वाटायची गोष्ट आहे. पण आई-बाप म्हणतात, आम्ही उसाला गेल्यावर तरणी पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? याला उत्तर दिल्याशिवाय नुसते भाषण करून लग्ने थांबणार नाहीत, असे आमचे मत आहे. आणि मुलाच्या बाजूने अर्ध्या कोयत्याचा पुरा कोयता करण्याची घाई असते, तेही विसरू नये.

या मुलीच्या वयावरून मोठा घोळ झाला. मामा म्हणे अठरा पूर्ण. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला पाहतो, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी. मुलगी चौथीपर्यंत शाळेत होती म्हणून दाखला सापडला. जन्मतारीख १ जून. गुरुजींनी नाव घालताना जी तारीख टाकली ती. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला, खुद्द आमचाही! पण तारीख कशीही आली असली तरी त्या कागदाने ती मुलगी वाचली.

ज्यांना शाळेचा दाखलाही नाही त्यांचे काय? जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते आणि २१ दिवसांच्या आत करावी लागते. आपल्या बायका बाळंत होतात फडाजवळच्या कोपीत. ते गाव सातारा जिल्ह्यातले, नाहीतर बेळगावकडचे. तिथला ग्रामसेवक यांना ओळखत नाही, पट्टा पडल्यावर हे गाव सोडतात, आणि आपल्या गावचा ग्रामसेवक म्हणतो, जन्म इथला नाही. वर्ष उलटले की पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेला आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांना हाच दाखला पुरावा म्हणून धरतात. तेव्हा आता नोंद चुकवून चालणार नाही. जातीच्या दाखल्याच्या वेळी आपण १९५० चा पुरावा शोधत कुठे कुठे फिरतो, ते आठवा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. त्या मिळाल्या आणि लेकराच्या हातात कागदच नाही, असे होऊ नये.

हे केवळ आपल्याकडचेच दुःख आहे असे नाही. २०१४ साली एका वर्षात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ६८ हजारांच्या वर मुले आई-बापांशिवाय एकटी सापडली. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, मेक्सिको या देशांतली. तिथल्या स्थलांतर न्यायालयात सरकारने वकील देण्याचा हक्क मुलालाही नाही. पाच-सहा वर्षांची लेकरे न्यायाधीशापुढे एकटी उभी राहिलेली आहेत. मग तिथल्या संस्थांची माणसे त्यांच्याजवळ बसून जबाब लिहून घेतात. ते वाचले तेव्हा आम्हाला वाटले, हे तर आपल्याच कामातले भाऊबंद. मुलांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली केला, भारताने तो १९९२ च्या डिसेंबरात मान्य केला. त्याचे १२ वे कलम म्हणते की मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे. अमेरिकेने तो करार अजून मंजूर केलेला नाही. आपण केला आहे. आता तो व्हरांड्यातल्या बाकड्यापर्यंत आणायचा, हे काम उरले.

आमच्या घरून विचारतात, यात तुम्हाला मिळते काय? मानधन मिळते ते जाण्यायेण्यात जाते. ते जाऊ द्या. पण पोर सापडल्यानंतर धावण्यापेक्षा ते निघण्याआधीच काही करता येईल का, हा विचार आम्ही त्या परळीच्या मुलानंतर करू लागलो. आमच्या विहारात आता एक वही ठेवली आहे. वर्षावास संपत आला की वस्तीतली तरुण पोरे घरोघर जातात. जी कुटुंबे उसाला जाणार त्यांच्या प्रत्येक लेकराचे नाव, जन्मतारीख, शाळा, आई-बापाचा फोन, मुकादमाचे नाव आणि फोन, कारखाना आणि फडाचे गाव असे लिहून घेतात. शाळेच्या व जन्माच्या दाखल्याची, आधारची झेरॉक्स काढून एक प्रत विहारात आणि एक आईजवळ प्लास्टिकच्या पिशवीत देतात. लहान लेकरांकडून गाव, तालुका, जिल्हा आणि १०९८ हा नंबर पाठ करून घेतात. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी १९९६ साली मुंबईत सुरू झाली. आता ती सरकार चालवते आणि ११२ ला जोडलेली आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो. आणि मूल हरवलेच तर ठाण्यात 'चोवीस तास थांबा' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवलीच पाहिजे.

वही करताना सुरुवातीला मुकादमाचा नंबर द्यायला लोक भ्यायचे. आता बायका स्वतः सांगतात. एका आजीने तर मुकादमाच्या बापाचेही नाव लिहायला लावले. जी मुले मागे राहणार, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत वेळेवर व्हावा म्हणून दोन महिला सदस्य हेडमास्तरांच्या मागे लागल्या आहेत. वसतिगृह दिवाळीनंतर सुरू होऊन उपयोग नाही, लेकरे तोवर ट्रॅक्टरमध्ये बसलेली असतात.

गेल्या हंगामात वहीत ४१ लेकरांची नावे होती. यंदा ट्रॅक्टर लवकर लागले आणि दोन घरांची माहिती राहिली. ती मंडळी कराडकडे पोचली आहेत. पोचल्याचा फोन आला, पण फडाचे गाव अजून त्यांनाच ठाऊक नव्हते. रविवारी पुन्हा लावून बघायचा आहे.